येक कोयता

सदतिसाव्या पानावर सत्यशीलाचा लाल पेन थांबला. चूक काही नव्हती. ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी होते, अनुस्वार होते, पूर्णविराम होता. तरी ती ओळ वाचताना तिच्या उजव्या हाताची बोटं आपोआप तळहातात मिटली, आता कुणी मारणार असल्यासारखी. शनिवारची दुपार होती. शिरूर कासारकडच्या आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतली सकाळची शाळा सोडून ती एसटीनं बीडला आली होती, आणि घरी न जाता नेहमीसारखी बशीरगंजातल्या रईसभाईंच्या छापखान्यात येऊन बसली होती. वर्गातल्या लेकरांसाठी ती जी चित्रांची पुस्तकं करायची ती रईसभाई छापून द्यायचे, आणि त्याची परतफेड म्हणून ती त्यांच्याकडची मराठी प्रुफं तपासायची. लग्नपत्रिका, कीर्तन सप्ताहाची पत्रकं, कुणाकुणाचे कवितासंग्रह. आज रईसभाईंनी तिच्यापुढं चौसष्ट पानांचा गठ्ठा ठेवला होता. वरच्या पानावर नाव होतं, 'चित्र पाहू, शब्द लिहू', आणि खाली लेखकाचं नाव. सुंदरराव गुरुजी, सेवानिवृत्त मुख्याध्यापक. ते नाव वाचून ती दचकली, पण उठली मात्र नाही. उलट खुर्ची पुढं ओढून घेतली. छत्तीस पानं तिनं अधाशासारखी तपासली, एक तरी चूक सापडावी म्हणून. एकही सापडली नाही. आणि वर पुस्तक चांगलं होतं, ही तर तिच्या जिवाला लागलेली गोष्ट. पहिली-दुसरीच्या मुलांना चित्र कसं दाखवावं, लगेच 'काय काय दिसतं' असं न विचारता आधी गप्प कसं बसावं, मूल बोलेल तेच त्याला कसं लिहू द्यावं, सगळं नीट, सावकाश सांगितलेलं. तीच पद्धत ती आठ वर्षं राबवत होती.

आणि मग सदतिसावं पान. वर चित्र होतं, शेताच्या कडेला शेजारी शेजारी उभे असलेले बाई आणि माणूस. खाली शिक्षकांसाठी मजकूर. 'एकदा दुसरीतल्या एका मुलीने या चित्राखाली "येक कोयता" असे लिहिले. तिच्या अंगात निळा झगा होता. तो तिला मोठा होत असल्यामुळे खांद्यावर सेफ्टी पिनांनी आवळलेला होता. ऊसतोडीला जाणाऱ्यांत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, हे त्या लेकराने घरी ऐकलेले. मी तिला जवळ घेतले. तिच्या पाठीवर हात ठेवून वर्गाला म्हणालो, हिच्यासाठी टाळ्या वाजवा. त्या दिवशी मला कळले, की मूल चुकत नसते.'

सत्यशीलानं ते एकदा वाचलं, परत वाचलं. आतल्या खोलीत छपाईचं यंत्र धडधडत होतं, रईसभाई फोनवर कुणाला तरी 'कल मिलेगा, पक्का' म्हणत होते, आणि तिला आपल्या कानातून वाफ निघतेय असं वाटत होतं. विसरला असता तर चाललं असतं. सत्तावीस वर्षांत माणूस विसरतो, शेकडो पोरं हाताखालून जातात, कुणाकुणाला लक्षात ठेवणार? इतकी वर्षं ती तसंच धरून चालली होती, की त्या माणसाला काही आठवत नसणार, आणि म्हणून त्याच्यावर रागावून तरी काय उपयोग. पण त्याला झगा आठवत होता. झग्याचा निळा रंग आठवत होता. अगदी पिनासुद्धा! सगळं जसंच्या तसं डोक्यात ठेवून त्यानं फक्त आपला हात तेवढा बदलला होता. छडीचा हात काढून तिथं पाठीवरचा हात बसवला होता. चोर म्हणावं तर चोर दुसऱ्याची वस्तू नेतो. यानं तिचं दुःख नेलं आणि त्याची स्वतःसाठी शाल करून घेतली. पुढच्या रविवारी त्याला खरीखुरी शालही मिळणार होती. प्रुफांना टाचलेल्या चिठ्ठीवर रईसभाईंनी लिहिलं होतं, 'रविवारी प्रकाशन व सत्कार. अर्जंट.'

खरं काय घडलं होतं ते सांगायला आता जवळ त्या वर्गातलं कुणी नव्हतं, पण सत्यशीलाला ती खोली दिसत होती. पत्रे तापलेले, पट्ट्यांवर मांडी घालून बसलेली पोरं, आणि सरकारकडून नवीच आलेली चित्रांची पुस्तकं, ज्यांना हात लावायच्या आधी गुरुजी हात धुवायला लावायचे. ती साखर कारखान्यावरून चारच दिवसांपूर्वी आईबापांबरोबर परत आली होती. पाच महिने कोपीत राहिलेलं पोर. कोपी म्हणजे उसाच्या पाचटाचं खोपट, वाकून आत जायचं आणि वाकूनच बाहेर यायचं. तिथं मुकादम रोज सकाळी मोजायचा, किती कोयते आले? बारा कोयते. हनुमानचा कोयता आला का? आला. हनुमान म्हणजे तिचा बाप, आणि त्याच्या कोयत्यात तिची आई आपोआप आलेली. चित्रातली ती दोघं तिनं बघितली, बाई अशी जरा मागं, माणूस पुढं, आणि तिला इतका आनंद झाला, की ही तर आपल्याला माहीत असलेली गोष्ट आहे! अक्षरं तिला तोवर एकेकटी येत होती. शब्द असा तिनं कधी लिहिला नव्हता. त्या दिवशी तिनं जीभ बाहेर काढून, पेन्सिल मुठीत धरून तो लिहिला. येक कोयता. आयुष्यातला तिनं स्वतःच्या मनानं लिहिलेला पहिला शब्द तो. लिहून झाल्यावर ती स्वतःच उठून दाखवायला गेली होती. कुणी बोलावलं नव्हतं तिला. हे आठवलं, की सत्यशीलाला छडीपेक्षा जास्त लागायचं.

गुरुजींनी पुस्तक उंच धरून सगळ्यांना दाखवलं होतं. "हे बघा. बाई आणि माणूस हिला कोयता दिसतात." मग तिला टेबलावर उभी केली. "हिचा बाप मूठ, आन् हिची आई पातं. काय गं, धार लावता का आईला?" वर्ग हसला. हसणारच, गुरुजी विनोद करताहेत म्हटल्यावर. वर्गातली निम्मी पोरं कोयत्याचीच होती, तीही हसली, जरा जास्तच मोठ्यानं. मग गुरुजी म्हणाले, सरकारी पुस्तक घाण केलंस, पूस. खोडरबर नव्हतं. "थुंकी लाव आन् पूस." तिनं बोटाला थुंकी लावून पुसायला घेतलं. शिसं पसरलं, कागद मऊ झाला, आणि 'कोयता'मधल्या 'य'च्या जागी भोक पडलं. ते भोक चित्रातल्या बाईच्या पायापर्यंत गेलं. त्यावर छडी. त्याच बोटांवर, चार. तिथून पुढं दहावीपर्यंत तिचं नाव कोयता होतं. ए कोयता, पाणी आण. ए कोयता, तुझी अर्धी जोडी कुठाय? आणि त्यानंतर दोन वर्षं तिनं पाटीवर एक अक्षर काढलं नाही. नुसती रेघ ओढायची, पुसायची. गुरुजी म्हणायचे, ही ढ आहे.

गठ्ठा पिशवीत घालून ती घरी आली. भिवराबाई, तिची आई, दारात बसून ज्वारी निवडत होती. उन्हं उतरली होती. दसरा होऊन गेला होता, आणि समोरच्या रस्त्यावरून बिऱ्हाडं भरलेल्या ट्रकांची ये-जा सुरू झाली होती, तिकडं भिवराबाईची नजर राहून राहून जात होती. तिनं कोयता ठेवून अकरा वर्षं झाली होती, पण ट्रक दिसला की ती अजून मान वर करायची.

"आई, सुंदर गुरुजी आठवतेत का तुला?"

"आठवत्याल न्हाई तर काय! देवमानूस. तुज्या बापाला रस्त्यात गाठून म्हनले, हनुमान, पोरीचं नाव घाल शाळंत. तेंनी म्हनले नसते तं तू बी माज्यासारखी मोळ्या बांधीत बसली आसतीस." भिवराबाईनं एक खडा बाहेर टाकला. "कावून इचारतीस?"

"उगंच. पुस्तक काढलंय त्यांनी."

"लई चांगलं झालं. आमच्यासाठी तेंनी लई केलं बग."

सत्यशीलाच्या ओठांवर सगळं आलं होतं. टेबल, थुंकी, मूठ आणि पातं. सत्तावीस वर्षांत तिनं आईला ते सांगितलं नव्हतं, कारण त्यात आईचीच चेष्टा होती. आजही तिनं गिळलं. फक्त विचारलं, "आई, तू आन् आण्णा मिळून एक कोयता. मग एकटी तू कोण?"

भिवराबाई हसली. "मी आर्धा. तो आजारी पडला तवा मुकादम म्हनायचा, आर्धा कोयता आलाय, उचल बी आर्धीच मिळंल. मानूस पुरता दिसायचा, पन मोजायला आर्धा." आणि ती परत ज्वारीकडं वळली. तिला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं. सत्यशीलाला मात्र वाटलं, हे इतकं मोठं वाक्य, आणि हे जर कुठल्या पोरानं चित्राखाली लिहिलं असतं, तर त्या माणसानं त्यालाही भोक पाडायला लावलं असतं.

दुसऱ्या दिवशीचा रविवार तिनं त्या गठ्ठ्याभोवती फिरण्यात काढला. कपडे धुतले, बाजारातून माळवं आणलं, आणि मधूनमधून येऊन सदतिसावं पान बघितलं, दुखऱ्या दातावर जीभ फिरवावी तसं. तिला तिचा वर्ग आठवत राहिला. एकवीस लेकरं होती, परवापर्यंत. आता चौदा उरली, बाकीची ट्रकात बसून गेली. त्यांच्यासाठी ती जी पुस्तकं करायची त्यांत एकही शब्द नसे. पानभर चित्र आणि खाली एक रिकामी ओळ, बस. लेकरांनी बघायचं, एकमेकांत भांडायचं, आणि मग जे म्हणायचंय ते त्या ओळीत लिहायचं. एका चित्रात पत्र्यावर चढलेलं मांजर होतं आणि खाली शिडीजवळ बसलेलं कुत्रं. सिदूनं त्याच्याखाली लिहिलं होतं, 'कुत्र्याला वर जायचंय पन शिडी मानसाची हाय.' त्या 'हाय'वर, त्या 'पन'वर, 'मानसा'वर तिनं पेन टेकवला नव्हता. केंद्रप्रमुख कुरकुरले होते, मॅडम, शुद्धलेखनाचं काय? ती म्हणाली होती, आधी लेखन तर होऊ द्या, सर, शुद्ध मग बघू. महिन्याभरानं सिदूनंच दुसऱ्या पुस्तकात 'आहे' वाचलं आणि येऊन विचारलं, बाई, हे 'हाय'च हाय का? पावण्यापुढं बोलायचं? तिला इतकं हसू आलं होतं.

लोक म्हणत, मॅडमला लेकरांची लई माया. माया होती, नाही असं नाही. पण आज त्या पानासमोर बसून तिला पहिल्यांदा स्वतःशी कबूल करावं लागलं, की मायेच्या खाली दुसरंच काही होतं. एकेका पोराची ओळ न खोडता ठेवताना ती एका माणसाला मारत होती. सिदूचं वाक्य मोठ्यानं वाचून टाळ्या वाजवायला सांगताना ती मनातल्या मनात त्या पत्र्याच्या खोलीकडं बघून म्हणत होती, बघ, बघ रे. आठ वर्षं चाललेला सूड होता तो, आणि त्याबद्दल लोकांनी तिला पारितोषिकही दिलं होतं. आणि आता हा म्हातारा येऊन म्हणतो, ही पद्धत माझी. ही टाळी माझी. मी वाजवायला सांगितली. म्हणजे तिनं इतक्या वर्षांत केलेला एकमेव सूडसुद्धा त्यानं आपल्या नावावर करून घेतला.

मग तिला वाटलं, असंही असेल, की त्याला पुढं कधीतरी पश्चात्ताप झाला असेल. रात्रंदिवस ते भोक डोळ्यांपुढं आलं असेल. म्हणून तर झगा आठवतो, म्हणून तर पद्धत बदलली. पुस्तक खोटं नाही, पुस्तकात कळकळ आहे, हे तर तिलाही दिसत होतं. असेल. मग लिही ना तसं! मी मारलं, असं लिहायला किती शाई लागते? ज्यानं सात वर्षांच्या पोरीला थुंकी लावून पुसायला लावलं, त्यानं आपली एक ओळ न पुसता लिहायला काय हरकत होती? पश्चात्तापाचं तिला कौतुक वाटेना. तिला तो माणूस तिथं टेबलावर हवा होता, सगळ्यांना दिसेल असा.

दुपारी तीनच्या सुमाराला ती बसली आणि तिनं लाल पेनानं दोन वाक्यं खोडली. 'मी तिला जवळ घेतले' इथपासून 'टाळ्या वाजवा' इथपर्यंत. समासात जागा कमी होती म्हणून एक वेगळा कागद घेतला. त्यावर तिनं लिहिलं, अगदी त्याच्याच भाषेत, प्रमाण, सगळे अनुस्वार देऊन: 'मी तिला टेबलावर उभे केले. तिच्या आईबापांची चेष्टा करून वर्गाला हसवले. तिने लिहिलेले तिला बोटाने, थुंकी लावून, कागदाला भोक पडेपर्यंत पुसायला लावले. मग त्याच बोटांवर छडी मारली. त्यानंतर दोन वर्षे तिने एक अक्षर लिहिले नाही. तिचे नाव सत्यशीला.' त्यापुढचं, मूल चुकत नसल्याचं वाक्य तिनं तसंच राहू दिलं. लिहून झाल्यावर तिनं कागद लांब धरून बघितला. अक्षर सुरेख आलं होतं.

सोमवारी शाळेनंतर ती छापखान्यात गेली तेव्हा संगणकावर लुबना होती, रईसभाईंची मुलगी. मजकूर टाइप करायचं, पानं लावायचं काम तिचं. सत्यशीलानं गठ्ठा दिला आणि बाजूला उभी राहिली. लुबनानं सदतिसावं पान काढलं, कागद वाचला, मान वर करून सत्यशीलाकडं बघितलं, परत वाचला.

"मॅडम, हे तर सगळंच उलटं झालं की."

"उलटं आधी होतं."

"सरांला फोन लावू का?"

"नको."

"अब्बाला?"

"लुबना, मी लिहिलंय ते टाक."

लुबनाचं बोट कागदावरच्या शेवटच्या नावावर जाऊन थांबलं. बाहेर एक फळवाला 'मोसंबी' म्हणून ओरडत गेला. मग तिनं खुर्ची पुढं सरकवली आणि टाइप करायला लागली. काम संपल्यावर हळू आवाजात म्हणाली, "अब्बाला मी होऊन सांगणार न्हाई. पण त्यांनी इचारलं तर खोटंबी बोलणार न्हाई, मॅडम." सत्यशीलाला त्या पोरीपुढं क्षणभर लाज वाटली. रईसभाईंनी तिच्यावर विश्वास टाकला होता. उद्या गिऱ्हाईक ओरडत आलं तर तोंड द्यायचं त्यांना. आपण एका माणसाचा हिशोब दुसऱ्याच्या दुकानात करतोय, हे तिला कळत होतं. कळून ती तिथून हलली नाही.

आणि तेवढ्यात तो आला. सत्तरी ओलांडलेला, वाळलेला, पांढऱ्या सदऱ्यातला, डोळ्यांवर काळा चष्मा. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडाच झाला होता. त्याचा हात धरून सात-आठ वर्षांची एक मुलगी चालत होती आणि दारावरची पाटी मोठ्यानं वाचत होती, "छपा... छपाई... आबा, छपाई!"

"शाब्बास," म्हातारा म्हणाला. "रोहिणी, माझी नात. दुसरीत आहे. दिसेल ते वाचत सुटते." इतका मऊ आवाज. या आवाजात हा माणूस बोलू शकतो हेच सत्यशीलाला माहीत नव्हतं. रईसभाई आतून आले, त्यांनी ओळख करून दिली, ह्या आमच्या प्रुफं बघणाऱ्या मॅडम, शिक्षिका आहेत. म्हाताऱ्यानं हात जोडले. काळ्या काचांमागून त्यानं तिच्या दिशेला बघितलं, तिच्याकडं नाही.

"काही चुका निघाल्या का, मॅडम?"

"एकच निघाली. दुरुस्त केली."

"बरं केलंत. लेखकाला स्वतःची चूक दिसत नाही."

एक संधी द्यावी, असं तिच्या मनात आलं, का आलं कुणास ठाऊक. कदाचित त्या नातीमुळं. कदाचित त्यानं ती धुडकावावी आणि आपला राग पक्का व्हावा म्हणून. ती म्हणाली, "सदतिसाव्या पानावरची मुलगी. तिचं पुढं काय झालं, गुरुजी?"

म्हाताऱ्यानं नातीच्या केसांवरून हात फिरवला. घाईनं नाही, तोंड चुकवूनही नाही. "काय व्हायचं, मॅडम? त्या पोरींचं काय होतं ते ठरलेलं. बाराव्या-तेराव्या वर्षी लग्न, आणि मग तोच कोयता."

"गुरुजी, फायनल एक बार बघून घेता का?" रईसभाईंनी विचारलं.

"मॅडमनी बघितलं ना? मग मी कशाला. डॉक्टरांनी डोळ्याला ताण देऊ नका म्हणून सांगितलंय." तो वळला. "छापून टाका."

घरापर्यंत ती चालत गेली. तिला हलकं वाटत होतं, अगदी पिसासारखं, आणि त्या हलकेपणाचीच जरा भीती वाटत होती. आठवडाभर तिनं वर्गात नीट शिकवलं नाही. लेकरं पुस्तकं उघडून बसत आणि ती खिडकीबाहेर बघत राही. फोन वाजला की रईसभाईंचा असेल असं वाटे. पुस्तक छापून झालं, बांधून झालं, कुणीही काही बोललं नाही. शुक्रवारी तिला वाटलं, जाऊ नये. लोक घरी नेतील, चाळतील, कुणीतरी वाचेल, त्याच्यापर्यंत पोचेल, आणि तेव्हा तो एकटा असेल. तेवढं पुरे. पण रविवारी सकाळी तिनं कपाटातली चांगली साडी काढली तेव्हा तिला कळलं, की पुरे नाही. तिला बघायचं होतं.

कार्यक्रम एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये होता. दीडशे-दोनशे माणसं, बरेचसे शिक्षक, बरेचसे त्याचे विद्यार्थी. ती मागून तिसऱ्या रांगेत कडेला बसली. दाराशी रईसभाई आणि लुबना उभे होते. लुबनानं तिला बघितलं आणि मान खाली घातली. भाषणं झाली. विद्यार्थ्यांवर आईसारखं प्रेम करणारा गुरु, असं एकजण म्हणाला. शाल घातली, नारळ दिला. मग म्हातारा माइकपुढं आला आणि म्हणाला, मी जास्त बोलत नाही. या पुस्तकातलं माझं सर्वांत आवडतं एक पान आहे. माझ्या डोळ्यांची ही अशी अवस्था. तर ते पान माझी नात वाचेल. चित्रं दाखवून लेकरू वाचायला-लिहायला कसं लागतं ते तुम्हालाही दिसेल.

हे सत्यशीलानं हिशोबात धरलं नव्हतं. तिनं बापये धरले होते, मोठी माणसं धरली होती, कुजबूज, फोन, बंद दाराआडचा म्हातारा. ही पोर तिनं धरली नव्हती. दोन वेण्या घातलेली रोहिणी खुर्चीवर चढून उभी राहिली, कुणीतरी माइक खाली केला, आणि तिनं पानावर बोट ठेवलं. "एकदा. दुसरीतल्या. एका. मुलीने." सावकाश, एकेक शब्द, बोट शब्दाखालून सरकत होतं. झगा झाला. सेफ्टी पिना झाल्या. म्हातारा शेजारी उभा होता, चेहरा वर केलेला, ओठ पोरीच्या आधी हलत होते. त्याला ते पान तोंडपाठ होतं.

"मी. तिला. टे... टेब... टेबलावर. उभे. केले."

"जवळ घेतले," म्हातारा हसून म्हणाला. "जवळ घेतले, बाळ."

"न्हाई आबा. टेबलावर लिहिलंय."

हॉलमध्ये कौतुकाचं हसू उठलं. म्हाताराही हसला. "नीट बघ. 'ज'. जवळ."

रोहिणीनं पान डोळ्यांजवळ नेलं. बोट परत मागं आणलं, परत एकेक अक्षर लावलं. "ट ला मात्रा, टे. ब. ला. वर." तिचा आवाज बारीक झाला होता. "टेबलावरच आहे, आबा."

"रोहिणी." आता आवाजातला मऊपणा गेला. तो आवाज सत्यशीलानं ओळखला, तिच्या बोटांनी ओळखला. "येडी का काय तू? एवढं सोपं वाचता येईना? जवळ घेतले, असं लिहिलंय तिथं. म्हण."

पोरीचा खालचा ओठ थरथरायला लागला. तिनं आजोबाकडं बघितलं, पुस्तकाकडं बघितलं. अक्षर खरं की आबा, हे तिला ठरवता येईना. पण बोट मात्र तिनं शब्दावरून काढलं नव्हतं. दोनशे माणसं बघत होती. कुणीतरी म्हणालं, लहान आहे, घाबरली. पुढच्या रांगेतली एक बाई तिला उतरवून घ्यायला उठली. सत्यशीलाला दिसत होतं, आपण ज्याला मारायला निघालो त्याला लागायच्या आधी हिला लागतंय. तिला स्वतःची शिसारी आली. आणि त्याच वेळी, त्याच छातीत, थांबू नये असंही वाटलं. आता थांबलं तर ही पोर जन्मभर समजेल की तिला वाचता येत नाही.

ती उठून उभी राहिली. खुर्ची मागं सरकल्याचा आवाज झाला.

"ती बरोबर वाचतीय," ती म्हणाली. तिला वाटलं होतं आवाज फुटणार नाही, पण तो वर्गातल्यासारखा स्वच्छ आला. "रोहिणी, तू बरोबर वाचलंस. एक अक्षर चुकलं नाही तुझं. पुढं वाच."

माना वळल्या. उतरवायला निघालेली बाई मध्येच उभी राहिली. रोहिणीनं नाक ओढलं, बाहीनं डोळे पुसले, आणि वाचायला लागली. तिच्या. आईबापांची. चेष्टा. करून. आता कुणी हसत नव्हतं. थुंकी. लावून. भोक. पडेपर्यंत. 'भोक'पाशी ती अडखळली, मग जमलं तिला. म्हाताऱ्याचे ओठ हलायचे थांबले होते. त्यानं एक हात पुढं केला, पुस्तक घ्यायला की पोरीला धरायला, पण ते नेमकं कुठं आहे हे त्याला दिसेना, आणि हात तसाच हवेत राहिला. खांद्यावरची शाल घसरून कोपरावर आली. त्याच. बोटांवर. छडी. मारली.

"न्हाई," म्हातारा म्हणाला. "न्हाई, न्हाई, आसं न्हाई ते." बराच वेळ काळ्या काचा हॉलभर फिरत राहिल्या, या रांगेवरून त्या रांगेवर, आणि तिच्यावरून दोनदा पुढं गेल्या. माइकपासून तो लांब होता, तरी शांततेत सगळ्यांना ऐकू आलं.

"कोन हाय? कोन बोललं मगाशी?"

सत्यशीला बसली नाही.

"नाव पुढं लिहिलंय," ती म्हणाली. "वाच, रोहिणी."